स्वयंसेवक सेना, ब्रिटिश हिंदुस्थानातील

ब्रिटिश अंमलाखालील हिंदुस्थानात आपापला नोकरीधंदा सांभाळून फावल्या वेळात लष्करी शिक्षण घेणाऱ्या आणि आणीबाणीच्या प्रसंगी सरकारच्या मदतीस येणाऱ्या नागरिकांची जी दले १८५७ ते १९४७ या काळात अस्तित्वात होती, त्यांना स्थूलमानाने स्वयंसेवक सेना ही संज्ञा लावतात. यांत १८५७ नंतरची यूरोपीय स्वयंसेवक दले, १९१७ चे भारतीय संरक्षण दल, तसेच १९२० च्या कायद्यांन्वये निर्माण झालेली साहाय्यक सेना व प्रादेशिक सेना यांचा समावेश होतो. खडे सैन्य हे वेतनभोगी व पूर्णवेळ असते. स्वयंसेवक सैनिकाचे शिक्षण मात्र संध्याकाळची कवायत, सुटीच्या दिवसाची चांदमारी आणि वार्षिक छावणी यांतूनच व्हावयाचे असते. त्यामुळे अशा दलाची सज्जता त्याला किती वेळ, कोणती शस्त्रे व कोणत्या प्रतीचे शिक्षक मिळतात यांवर अवलंबून असते. वसाहतीच्या राज्यात याशिवाय आणखी एक प्रश्न निर्णायक ठरतो. तो म्हणजे राज्यकर्ते कोणाच्या हाती शस्त्र देण्यास तयार आहेत हा होय. हिंदुस्थानातील स्वयंसेवक सेनेचा इतिहास हा प्रामुख्याने या प्रश्नाचा इतिहास आहे.

उगम : मीरत येथे १० मे १८५७ रोजी उठाव झाल्यानंतर कलकत्त्यातील यूरोपीय व्यापारी व नोकरदार यांनी शस्त्र धारण करण्याची तयारी दर्शविली. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगने प्रथम या सूचनेचा अव्हेर केला. परंतु परिस्थिती बिघडताच जून १८५७ मध्ये त्याने ती मान्य केली आणि कलकत्ता व्हॉलंटिअर गार्ड्‌स हे दल उभे राहिले. त्याच वर्षी मद्रास येथेही असेच दल स्थापन झाले. कानपूर-लखनौच्या मोहिमेत हॅवलॉकच्या सैन्याबरोबर घोडेस्वारांचे एक लहान पथक होते. ज्यांच्या पलटणी उठावात सामील झाल्या होत्या असे अधिकारी, निळीचे मळेवाले व दुकानदार यांचा त्यात भरणा होता.

उठावाचा बीमोड झाल्यानंतर यांतील काही दले मोडण्यात आली, तथापि मूळ कल्पना टिकून राहिली. नागपूर येथे १८६० मध्ये स्वयंसेवक रायफल दल निघाले. बिहारमधील मळेवाल्यांनी १८६२ मध्ये घोडेस्वारांचे दल उभारले, त्यातून पुढे बिहार लाइट हॉर्स हे पथक विकसित झाले. १८६९ च्या स्वयंसेवक कायद्याने या दलांची भरती, शिस्त व सेवेच्या अटी यांना निश्चित स्वरूप दिले. कलकत्ता लाइट हॉर्स (१८७२) आणि बाँबे लाइट हॉर्स (१८८५) ही त्यानंतरची प्रसिद्ध पथके होत.

रचना : या दलांचे साधारणपणे तीन वर्ग पडत. पहिला, मोठ्या शहरांतील व्यापारी पेढ्या, बँका व सरकारी कचेऱ्या यांतील यूरोपीयांच्या रायफल पलटणी. दुसरा, आसाम, बिहार व दक्षिणेकडील मळेवाल्यांची घोडेस्वार पथके. आणि तिसरा, रेल्वे कंपन्यांच्या पलटणी. संख्येच्या दृष्टीने रेल्वेच्या पलटणींना विशेष महत्त्व होते. मुंबई इलाख्यात ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या दोन्ही रेल्वे कंपन्यांची अशी दले १८७० नंतरच्या दशकात निघाली. भुसावळ, इगतपुरी यांसारख्या रेल्वे वसाहतींत इंजिनचालक, गार्ड, कारखान्यातील फोरमन व कारकून हे त्यांचे सैनिक असत. त्यांत यूरेशियनांचा (पुढील काळातील अँग्लो-इंडियनांचा) भरणा मोठा होता. रेल्वे व तारायंत्र ताब्यात असतील, तर थोड्या गोऱ्या सैन्याच्या बळावर विस्तीर्ण प्रदेश काबूत ठेवता येतो, हा १८५७ चा धडा या रचनेमागे होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सर्व स्वयंसेवकांची संख्या ३०,००० हून अधिक होती.

प्रशिक्षण : स्वयंसेवक दलाचा मुख्याधिकारी सामान्यतः स्वयंसेवकच असे. एखादा व्यापारी, मळेवाला किंवा रेल्वेतील वरिष्ठ अधिकारी हे पद भूषवी. शिक्षणाची प्रत्यक्ष जबाबदारी मात्र खड्या ब्रिटिश सैन्यातून पाठविलेला अ‍ॅडजुटंट व त्याच्या हाताखालील सार्जंट-शिक्षक यांच्यावर असे. अभ्यासक्रमात पायदळाची कवायत, शस्त्राची निगा, पहाऱ्याची कामे व नेमबाजी यांचा अंतर्भाव होई. स्नायडर, त्यानंतर मार्टिनी-हेन्री व पुढे ली-एन्फील्ड अशा बंदुका क्रमाक्रमाने या दलांच्या हाती आल्या.

सज्जता मोजण्याची पद्धत हिशेबी होती. ठराविक संख्येच्या कवायतींना हजर राहून नेमबाजीची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास ‘कार्यक्षम’ स्वयंसेवक समजत आणि अशा प्रत्येक कार्यक्षम स्वयंसेवकामागे सरकार दलाला वार्षिक अनुदान देई. या अनुदानावर दलाचा खर्च चालत असल्यामुळे हजेरीपट पूर्ण करण्याकडे पथकांचे लक्ष लागून राही. ही पद्धत अगदी निरुपयोगी होती असे नव्हे. तीमुळे माणसे नियमाने मैदानावर येत आणि नेमबाजीचा दर्जा टिकून राही. मळेवाले शिकारीत व घोडदौडीत तरबेज असल्याने त्यांच्या पथकांत चांगले नेमबाज व उत्तम स्वार मिळत. परंतु मोठ्या तुकड्यांची संयुक्त हालचाल, रसदपुरवठा, तोफखान्याशी सहकार्य, रात्रीची चाल यांसारख्या गोष्टी आठवड्यातून एकदोन तासांच्या कवायतीतून साध्य होत नाहीत. शिवाय एकाच पथकाची माणसे निरनिराळ्या मळ्यांवर वा स्थानकांवर पांगलेली असल्याने संपूर्ण पथक एकत्र येण्याचे प्रसंग वर्षातून थोडेच येत. कायद्याने स्वयंसेवकाची बांधिलकीही स्थानिक होती. आपल्या क्षेत्राबाहेर जाण्यास त्याची स्वतंत्र संमती लागे. थोडक्यात, ही सज्जता शहराचे नाके, खजिना, दारूगोळ्याचे कोठार व रेल्वेचे पूल राखण्यापुरती होती आणि सरकारची अपेक्षाही तेवढीच होती.

भारतीयांची मागणी : १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली होती. त्याच सुमारास यूरोपीय व यूरेशियन यांना मात्र स्वयंसेवक म्हणून सरकारी बंदुका मिळत होत्या. हा विरोध मार्च १८८५ मधील पंजदेह प्रकरणाने ठळक झाला. अफगाण सरहद्दीवर रशियाशी युद्ध जुंपण्याचा रंग दिसू लागताच स्वयंसेवक दलांची वाढ करण्यात आली. त्यावेळी अनेक प्रांतांतील सुशिक्षित भारतीयांनी आपणांसही भरती करून घ्यावे, असे अर्ज केले. सरकारने ते मान्य केले नाहीत. राष्ट्रीय सभेच्या १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात भारतीयांना स्वयंसेवक होण्याची मुभा असावी, असा ठराव संमत झाला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या मागणीला हत्यारांचा कायदा सौम्य करण्याच्या व लष्करी शिक्षणासाठी महाविद्यालये काढण्याच्या मागण्यांची जोड मिळाली. पुढील अनेक अधिवेशनांत त्यांचा पुनरुच्चार होत राहिला.

ही मागणी करणारे पुढारी त्या काळी राजनिष्ठेची भाषा बोलत होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. साम्राज्याच्या संरक्षणात वाटा मागणे म्हणजे बरोबरीच्या नागरिकत्वावर हक्क सांगणे होय, अशी त्यांची भूमिका होती. नेमकी हीच गोष्ट सरकारला मान्य नव्हती. स्वयंसेवक दले अखेरीस अंतर्गत उठावाविरुद्ध होती. ज्यांच्याविरुद्ध ती उभारली, त्यांनाच त्यांत घेणे राज्यकर्त्यांना विसंगत वाटले. परिणामी जवळजवळ तीस वर्षे सुशिक्षित भारतीय तरुणास बंदूक कशी धरावी हे शिकण्याचा राजमान्य मार्ग उपलब्ध नव्हता. खड्या सैन्याची भरती तथाकथित लढाऊ जातींपुरती आकुंचित होत गेल्याने ही उणीव अधिकच जाणवू लागली.

रणभूमीवरील कसोटी : दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) हिंदुस्थानातील यूरोपीय स्वयंसेवकांनी लम्सडेन्स हॉर्स हे सुमारे २५० स्वारांचे पथक पाठविले. ते मुख्यतः मळेवाल्यांचे असून लोकवर्गणीचीही त्यास मदत होती. फेब्रुवारी १९०० मध्ये कलकत्त्याहून निघालेल्या या पथकाला ३० एप्रिल १९०० रोजी हौटनेकजवळच्या चकमकीत मोठी हानी सोसावी लागली. स्वारी व नेमबाजी यांत हे स्वयंसेवक कमी पडले नाहीत. मात्र परदेशी जाण्यासाठी त्यांची नव्याने व स्वतंत्रपणे भरती करावी लागली. मूळ दल जसेच्या तसे युद्धावर धाडणे शक्य नव्हते.

पहिल्या महायुद्धातही हेच दिसून आले. स्वयंसेवकांतून निवडून घेतलेली तोफखान्याची व मॅक्सिम तोफांची पथके १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत गेली. स्वयंसेवक तोफखान्याचे एक पथक मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याबरोबर शरण गेले. तथापि या दलांचा युद्धाला झालेला मुख्य उपयोग निराळाच होता. कवायत व नेमबाजी शिकलेले अनेक स्वयंसेवक राखीव अधिकारी म्हणून खड्या पलटणींत दाखल झाले. दल या नात्याने मर्यादित असलेली ही संस्था अधिकारी पुरविणारी शाळा म्हणून उपयुक्त ठरली. भारतीयांना त्या शाळेत प्रवेश नसल्याने अधिकारपदाची ही वाटही त्यांना बंद राहिली.

भारतीय संरक्षण दल : युद्ध लांबले, तसा मनुष्यबळाचा तुटवडा भासू लागला. फेब्रुवारी १९१७ मध्ये भारतीय संरक्षण दलाचा कायदा झाला. त्यान्वये जुनी स्वयंसेवक दले या नव्या दलात विलीन झाली आणि यूरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर लष्करी सेवा सक्तीची झाली. १६ ते १८ वयाच्या तरुणांना शिक्षण, १८ ते ४१ वयाच्या पुरुषांना हिंदुस्थानात कोठेही सेवा व त्यापुढे ५० वर्षांपर्यंत स्थानिक सेवा अशी विभागणी होती. याच कायद्याने भारतीयांसाठी प्रथमच स्वेच्छेने भरती होण्याची तरतूद केली. परंतु भारतीयांचा विभाग निराळा राहिला. वेतन व दर्जा सामान्य शिपायाचा आणि राजाची सनद धारण करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद अप्राप्य, अशी त्याची स्थिती होती.

महाराष्ट्रात या कायद्याचे पडसाद तीव्र उमटले. लोकमान्य टिळकांनी पुण्यात भाषण करून तरुणांना भरती होण्याचा उपदेश केला. वय आड येत नसते, तर आपण स्वतः नाव नोंदविले असते, असे त्यांनी सांगितले. त्यांचा आग्रह दुहेरी होता. स्वराज्य हवे असणाऱ्याने त्याचे रक्षण करण्याची विद्या आत्मसात केली पाहिजे, हा एक भाग आणि त्या विद्येबरोबर बरोबरीचा दर्जाही मिळाला पाहिजे, हा दुसरा. १० जून १९१८ रोजी मुंबईतील युद्धपरिषदेत स्वराज्याचा प्रश्न काढताच गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने त्यांचे भाषण थांबविले आणि टिळक सभागृह सोडून गेले. सरकार भारतीयांना अधिकारपदाच्या सनदा देण्याचे वचन देईल, तर आपण महाराष्ट्रातून पाच हजार माणसे मिळवून देऊ, असे सांगून त्यांनी महात्मा गांधींकडे ५०,००० रुपयांचा धनादेश पैजेदाखल पाठविला. गांधीजींनी तो परत केला. ऑगस्ट १९१७ पासून काही थोड्या भारतीयांना राजाच्या सनदा मिळाल्या. परंतु त्यांची संख्या नाममात्र होती.

विद्यापीठांतील तरुणांसाठी निघालेल्या तुकड्या हा या दलाचा सर्वांत फलदायी भाग ठरला. मुंबई, कलकत्ता, मद्रास इ. विद्यापीठांत अशा तुकड्या निघाल्या. कलकत्त्याच्या तुकडीत सुभाषचंद्र बोस हे विद्यार्थी होते. सुमारे चार महिने छावणीत राहून त्यांनी कवायतीचे व त्यानंतर नेमबाजीचे शिक्षण घेतले. या अनुभवाने आपला आत्मविश्वास वाढला, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे.

१९२० चे कायदे : महायुद्धानंतर भारतीय संरक्षण दल बरखास्त होऊन १९२० मध्ये दोन स्वतंत्र कायदे झाले. यूरोपीय व अँग्लो-इंडियन यांच्यासाठी साहाय्यक सेना आणि भारतीयांसाठी प्रादेशिक सेना अशी वंशभेदावर आधारलेली विभागणी कायम करण्यात आली. साहाय्यक सेनेत घोडेस्वार, तोफखाना, पायदळ, यंत्रतोफा व रेल्वे पलटणी असे विविध विभाग होते. तिचे शिक्षण वर्षभर चाले आणि वयोमानानुसार ते कमी होत जाई. तरुणांना पूर्ण अभ्यासक्रम, तर वयस्कांना प्रामुख्याने नेमबाजीच असे. तिची बांधिलकी स्थानिक सेवेपुरती होती.

प्रादेशिक सेनेतील सैनिक सहा वर्षांसाठी नाव नोंदवी. पहिल्या वर्षी एक महिन्याचे प्राथमिक शिक्षण व दरवर्षी एक महिन्याची छावणी एवढाच त्याचा शिक्षणक्रम असे. म्हणजे सहा वर्षांत मिळून सात महिने. तिची मांडणी मुख्यत्वे पायदळापुरती होती. उलट, आणीबाणीत तिला प्रांताबाहेर व प्रसंगी देशाबाहेरही धाडता येत असे. अशा रीतीने ज्यांचे शिक्षण व शस्त्रसामग्री तोकडी, त्यांच्यावर सेवेचा भार मोठा आणि ज्यांना सर्व साधने उपलब्ध, त्यांचे कर्तव्य घराजवळचे, अशी उफराटी व्यवस्था निर्माण झाली. विद्यापीठ प्रशिक्षण पथके हा प्रादेशिक सेनेचाच भाग होता. त्यांचे शिक्षण सत्रकाळात आठवड्यातून काही दिवस व वर्षातून १५ दिवसांच्या छावणीत होई. परंतु त्यांच्यावर प्रत्यक्ष युद्धसेवेचे बंधन नव्हते.

मध्यवर्ती विधिमंडळात या विषमतेवर वारंवार टीका झाली. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या जनरल सर जॉन शी याच्या समितीने १९२५ मध्ये अहवाल सादर केला. विद्यापीठ पथकांचा विस्तार करावा व त्यांच्या पायावर प्रादेशिक सेनेची वाढ करावी, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. त्यानंतर मोठ्या शहरांतून नागरी पलटणी काढण्यात आल्या. त्यांचे शिक्षण सुशिक्षित नोकरदारांच्या सोयीने होई. दोन्ही सेनांमधील मूळ भेद मात्र शेवटपर्यंत टिकला.

सज्जतेच्या दोन परीक्षा : साहाय्यक सेनेच्या सज्जतेची मर्यादा व शक्ती दोन घटनांवरून स्पष्ट होते. १८ एप्रिल १९३० रोजी, गुड फ्रायडेच्या रात्री, चितगाव येथे सूर्य सेन यांच्या नेतृत्वाखालील क्रांतिकारकांनी पोलिसांच्या शस्त्रागाराबरोबरच साहाय्यक सेनेचे शस्त्रागारही काबीज केले. अंतर्गत बंडाळीविरुद्ध उभारलेल्या दलाचे कोठार त्याच कारणासाठी आयत्या वेळी असुरक्षित आढळले. बंदुका व लुइस यंत्रतोफा क्रांतिकारकांच्या हाती आल्या. मात्र दारूगोळा तेथे नसल्यामुळे त्यांचा उपयोग होऊ शकला नाही. चार दिवसांनी जलालाबादच्या टेकडीवर क्रांतिकारकांशी झालेल्या लढाईत ईस्टर्न फ्रंटिअर रायफल्स या दलाबरोबर साहाय्यक सेनेचे सुरमा व्हॅली लाइट हॉर्स हे मळेवाल्यांचे पथकही होते.

दुसरी घटना गोव्यातील आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी जर्मनीच्या तीन व इटलीच्या एका व्यापारी जहाजाने तटस्थ पोर्तुगीज सत्तेखालील मुरगाव बंदरात आश्रय घेतला होता. त्यांपैकी एरेनफेल्स या जहाजावरून बिनतारी यंत्राने दोस्तांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना कळविली जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात खडे सैन्य धाडणे अशक्य असल्याने ब्रिटिश गुप्त संघटनेने कलकत्ता लाइट हॉर्स व कलकत्ता स्कॉटिश या दलांतील अठरा स्वयंसेवक निवडले. त्यांतील बहुतेक मध्यमवयीन व्यापारी होते. अल्पकाळ शिक्षण घेऊन ते आगगाडीने कोचीनला पोहोचले. तेथून फीबी नावाच्या गाळवाहू नौकेतून जाऊन ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी एरेनफेल्सवर हल्ला केला. जहाज ताब्यात येण्यापूर्वीच खलाशांनी ते बुडविले आणि इतर तीन जहाजांचीही तीच गत झाली. ही कामगिरी अनेक वर्षे गुप्त होती. १९७८ मध्ये तिच्यावर पुस्तक निघाल्यानंतर ती सर्वश्रुत झाली. विशिष्ट कामासाठी विशिष्ट शिक्षण मिळाल्यास हौशी सैनिकही किती उपयुक्त ठरतो, याचे हे उदाहरण आहे. परंतु नित्याच्या शिक्षणक्रमाने त्यांना यासाठी तयार केले नव्हते, हेही तितकेच खरे.

अखेर व मूल्यमापन : दुसऱ्या महायुद्धात प्रादेशिक सेनेच्या पलटणी खड्या सैन्यात सामावून घेण्यात आल्या. साहाय्यक सेनेतील अनेकजण सैन्यात अधिकारी झाले. स्वातंत्र्यप्राप्तीबरोबर १९४७ मध्ये साहाय्यक सेना संपुष्टात आली. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताने प्रादेशिक सेनेचा व राष्ट्रीय छात्रसेनेचा असे दोन कायदे केले. राष्ट्रीय छात्रसेनेने विद्यापीठ प्रशिक्षण पथकांची जागा घेतली, तर ९ ऑक्टोबर १९४९ रोजी नव्या प्रादेशिक सेनेचे उद्‌घाटन झाले. वंश, प्रांत व जात यांवर आधारलेली प्रवेशाची बंधने त्यांत राहिली नाहीत.

स्वयंसेवक सेनेच्या नव्वद वर्षांच्या इतिहासात शिक्षणाच्या पद्धतीत अनेक सुधारणा झाल्या. शस्त्रे बदलली, छावण्या वाढल्या, नियम काटेकोर झाले. तरीही तिची सज्जता एका मर्यादेपलीकडे गेली नाही. याचे कारण स्वयंसेवकांच्या उत्साहात किंवा योग्यतेत शोधणे बरोबर ठरणार नाही. गोऱ्या स्वयंसेवकाला केवळ आपल्या वस्तीच्या रक्षणापुरते तयार केले गेले आणि भारतीय स्वयंसेवकाला प्रथम वगळून व नंतर अर्धवट शिकवून ठेवले गेले. नागरिकांची सेना नागरिकत्वावर उभी राहते. ज्या राज्यात प्रजेला नागरिकत्वच नव्हते, तेथे ती पूर्णपणे सज्ज होणे शक्य नव्हते. टिळकप्रभृतींनी भरती व सनदा यांची मागणी स्वराज्याच्या मागणीपासून कधीच वेगळी केली नाही, यामागील मर्मही हेच होय.